राणीपुढे गुडघे, मासेवालीला शिवी

परवा आमच्या अभ्यासवर्गात हिंदू कोड बिलावर चर्चा चालू होती. एका तरुण मित्राने मध्येच प्रश्न टाकला. "दादा, ते लोक बाईला देवी म्हणतात, राणी म्हणतात, तिच्या अब्रूसाठी तलवार काढायला तयार असतात. ढोंग असेल, पण आदर तर आहे ना? त्यालाही आपण का नावं ठेवायची?" पुरुष मंडळी हसली. मागच्या रांगेत बसलेल्या दोन भगिनी हसल्या नाहीत. प्रश्न प्रामाणिक होता आणि आम्ही त्या दिवशी घाईघाईत त्याचं फुटकळ उत्तर दिलं. आज नीट देतो. सुरुवात एका चित्रापासून करू. चित्र आपल्याकडचं नाही. लंडनचं आहे, सव्वादोनशे वर्षांहून जुनं.

२ नोव्हेंबर १७९० ही त्या चित्रावरची तारीख. तांब्याच्या पत्र्यावर कोरून, त्यावरून कागदावर छापलेलं हे व्यंगचित्र. विल्यम हॉलंड नावाच्या छापचित्रं विकणाऱ्याने ते ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातून काढलं. जाणकार ते फ्रेडरिक जॉर्ज बायरन या चित्रकाराचं मानतात. आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात त्याची प्रत आहे. चित्रात एक चष्मेवाला, वयस्क गृहस्थ गुडघे टेकून बसलाय. समोर ढगांच्या आणि प्रकाशाच्या झोतात एक सुंदर राणी उभी आहे, एखाद्या देवतेचा साक्षात्कार व्हावा तशी. गृहस्थ भारावून गेलाय. आणि त्याच्या डोक्यावर एक उघडंनागडं पंखवालं पोर तरंगतंय. अशी पोरं प्रेमाचा बाण मारतात, एवढं आपल्यालाही सिनेमा पाहून ठाऊक आहे. इथलं पोर बाण मारत नाही. ते पेटती चूड घेऊन म्हाताऱ्याच्या टाळक्याला लावतंय आणि डोक्यातून ठिणग्या उडतायत!

हा गृहस्थ म्हणजे एडमंड बर्क, ब्रिटिश पार्लमेंटमधला त्या काळचा मोठा वक्ता. राणी म्हणजे फ्रान्सची मेरी आंत्वानेत. चित्राच्या आदल्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, बर्कचं फ्रेंच राज्यक्रांतीविरुद्धचं जाडजूड पुस्तक बाजारात आलं होतं. चित्राचं नाव काय, तर त्या पुस्तकाचं 'मुखचित्र'. म्हणजे प्रकाशकाने छापायला हवं होतं पण छापलं नाही, ते आम्ही छापून देतो, घ्या! पुस्तकाची किंमत पाच शिलिंग, गरिबाच्या आवाक्याबाहेरची. चित्र मात्र दुकानाच्या काचेत टांगलेलं असे. रस्त्याने जाणारा हमाल, मोलकरीण, उनाड पोरं, कोणीही ते फुकट पाहायचं आणि हसायचं.

हसण्यासारखं काय होतं त्यात? बर्कने पुस्तकात एक प्रसंग लिहिला होता. सोळा-सतरा वर्षांपूर्वी आपण व्हर्सायच्या राजवाड्यात या राणीला पाहिलं, तेव्हा ती युवराज्ञी होती, आणि तिच्याइतकं सुंदर काही या पृथ्वीवर उतरलंच नव्हतं, असं तो सांगतो. पुढे म्हणतो की तिच्याकडे कोणी अपमानाच्या नजरेने पाहिलं असतं तर दहा हजार तलवारी म्यानातून बाहेर यायला हव्या होत्या. आल्या नाहीत. म्हणून तो शोक करतो की दाक्षिण्याचा, सरदारी शौर्याचा जमाना संपला. आता हिशेब करणाऱ्यांचं राज्य आलं. हा मजकूर छापण्याआधी त्याने मित्राला दाखवला होता. मित्र होता फिलिप फ्रान्सिस, बंगालच्या कौन्सिलवर बसलेला, वॉरन हेस्टिंग्जबरोबर पिस्तुलांचं द्वंद्व खेळलेला माणूस. त्याने स्पष्ट कळवलं की राणीबद्दलचा हा भाग निव्वळ नखरा आहे. बर्क चिडला. आपण लिहिताना खरोखर रडलो, कागद भिजला, असं त्याने उत्तर दिलं. आम्हाला त्याचं रडणं खरं वाटतं. ढोंगाबद्दल बोलणं सोपं असतं, म्हणून आम्ही ढोंगाचा आरोप बाजूला ठेवतो. खऱ्या अश्रूंचंच ऑडिट करू.

राणीचा तो अपमान झाला तरी कसा? ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या बाजारपेठेतल्या बाया रस्त्यावर आल्या. मासे विकणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, हातावर पोट असलेल्या. पाव मिळत नव्हता, मिळाला तर परवडत नव्हता. पावसात भिजत, चिखल तुडवत हजारो बाया वीसेक किलोमीटर चालून व्हर्सायला गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे जमाव राजवाड्यात घुसला, राणीचे काही पहारेकरी मारले गेले, राणी जीव मुठीत धरून राजाच्या दालनाकडे पळाली. त्याच दिवशी राजा, राणी आणि युवराज यांना घेऊन त्या बाया पॅरिसला परतल्या. मारले गेलेले पहारेकरी हीसुद्धा माणसंच होती. त्या हत्येचं समर्थन आम्ही करणार नाही. पण बर्कच्या पुस्तकात या मोर्चाकडे वळा आणि पाहा. ज्या लेखणीने राणीला पहाटेचा तारा केलं, तीच लेखणी या बायांना नरकातल्या चेटकिणी, स्त्रीजातीतल्या सगळ्यांत हलकट बाया ठरवते. पाव का नव्हता? वीस किलोमीटर पावसात चालायची पाळी आईवर का येते? याची चौकशी तो करत नाही.

याला पहिल्यांदा जाब विचारला एका बाईने. मेरी वोल्स्टनक्राफ्ट. त्याच नोव्हेंबरात, पुस्तक येऊन महिनाही झाला नव्हता, तिने निनावी उत्तर छापलं. पुढच्या आवृत्तीवर स्वतःचं नाव घातलं. तिने बर्कला साध्या भाषेत समजावलं की तुम्ही ज्यांना चेटकिणी म्हणता त्या बहुधा भाजी आणि मासे विकून पोट भरणाऱ्या बाया असाव्यात, ज्यांना शिक्षणाची संधी कधी मिळालीच नाही. एवढंच. पण या एका वाक्याने सगळं चित्र उलटं होतं. कारण बर्कच्या दाक्षिण्याचा दावा असा होता की ते स्त्रीत्वाला वाहिलेलं आहे. स्त्रीत्वाला वाहिलेलं असतं तर ते मासेवालीलाही मिळायला हवं होतं. तीही बाईच होती ना?

मित्रा, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. दाक्षिण्य बाईला मिळत नाही, तिच्या दर्जाला मिळतं. आपल्या भाषेत दाक्षिण्य आणि दक्षिणा हे शब्द एकाच मुळातून निघालेत. दक्षिणा जशी पेशवाईत जात पाहून वाटली जायची, तसंच दाक्षिण्याचंही आहे. देणाऱ्याची मर्जी आणि घेणाऱ्याची पायरी. हक्काचं तसं नसतं. हक्क मागणारीचं तोंड सुंदर आहे का, हे कोणी विचारू शकत नाही.

बर्कने त्या पुस्तकात सामान्य जनतेला डुकरांचा कळप ठरवणारा एक शब्दप्रयोग केला होता. लंडनच्या कष्टकरी वस्त्यांतल्या लेखकांनी त्याचं काय केलं, ते आमच्या तरुणांनी मुद्दाम वाचावं. रडले नाहीत. थॉमस स्पेन्सने आपल्या नियतकालिकाचं नावच 'पिग्ज मीट' ठेवलं. डॅनियल आयझॅक ईटनने 'हॉग्ज वॉश', म्हणजे डुकरांपुढे टाकायचं खरकटं, या नावाने अंक काढले. तुम्ही आम्हाला डुकरं म्हणता? ठीक, मग हे डुकरांचं वाङ्मय, वाचा! शिवी उचलून तिचा झेंडा करणं ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

आता कोणी म्हणेल, इंग्रजांच्या या भानगडीत आपण का पडायचं? पडायचं, कारण हा बर्क आपल्या पुण्याच्या इतिहासात येऊन बसलेला आहे.

१७८१ साली रघुनाथराव पेशव्याचा वकील हनुमंतराव नावाचा ब्राह्मण लंडनला गेला होता. राघोबादादाला पेशवाईसाठी इंग्रजांची मदत हवी होती. परक्या मुलखात सोवळं सांभाळायचं, स्वयंपाक स्वतःच करायचा, कोणाच्या सावलीत नको, म्हणजे पंचाईतच. बर्कने त्याला आपल्या बिकन्सफील्डच्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर त्याच्या ताब्यात दिलं, म्हणजे पूजाअर्चा आणि चूल यांत विटाळ व्हायला नको. पाहुणचार म्हणून हे सौजन्यच आहे. परक्या माणसाच्या श्रद्धेची एवढी कदर करणारे इंग्रज तेव्हा किती होते? पण ज्या पुण्यातून हा वकील आला, त्या पुण्यात विटाळाच्या नावाखाली काय चाललं होतं, हे त्या काचघरातून दिसणं शक्य नव्हतं.

पुढे १७८८ मध्ये हेस्टिंग्जवरच्या महाभियोगात बर्क लॉर्डांपुढे उभा राहिला आणि त्याने हिंदूंची जात ही काय चीज आहे हे समजावून सांगितलं. जात गेली की माणसाचं सगळं जातं, काल हजारोंचा पुढारी असलेला आज बहिष्कृत होतो, बाप-भाऊ-बायको कोणी त्याला जवळ करत नाही, असं मोठं करुण वर्णन त्याने केलं. इथे थांबा. वरून खाली पडणाऱ्याची शोकांतिका बर्कला दिसते, त्याच्या काळजाला भिडते. जो जन्मतःच बहिष्कृत आहे, ज्याच्याजवळ गमावायला जातीची ती उंचीच नाही, त्याचं दुःख या वर्णनात कुठेच येत नाही. तो तर त्या शोकांतिकेतलं भय आहे. ब्राह्मणाने ज्याच्यासारखं होण्याला घाबरायचं, तो! राणीच्या बाबतीतही तेच. मेरी आंत्वानेत सिंहासनावरून खाली आली म्हणून अश्रू. मासेवाली कायम चिखलातच होती, तिला काय पडायचं?

न्यायाने बोलायचं तर बर्कची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच महाभियोगात त्याने बंगालमधल्या रंगपूरच्या रयतेवर देवीसिंगाच्या माणसांनी महसुलासाठी केलेल्या छळाचं वर्णन केलं. शेतकरी स्त्रियांवरचे अत्याचार सांगितले तेव्हा प्रेक्षकांतल्या बायकांना घेरी आली. ती रयत राणी नव्हती. मग आमचा सिद्धांत कोसळला का? नाही. रंगपूरची रयत बर्कच्या भाषणात हात जोडून, जखमा दाखवत उभी आहे. पॅरिसची मासेवाली हातात भाले-सुऱ्या घेऊन राजवाड्याच्या दारात उभी आहे. पहिलीला करुणा, दुसरीला शिवी. दुःख सोसणारा गरीब चालतो, दुःखाचं कारण विचारायला चालून आलेला गरीब चालत नाही. हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. 'हरिजन' म्हणून गोंजारणारे हात १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर आपण चालून गेलो तेव्हा कुठे होते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलं आहे.

"पण बाबासाहेबांनीच बर्कचा आधार घेतलाय!" असा मेसेज येईल, म्हणून आधीच सांगतो. हो, घेतलाय. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, खरा धर्म हा समाजाचा पाया असतो या मुद्द्यासाठी. आणि त्याच पुस्तकात, केवळ नियमांचा असलेला धर्म नष्ट केला पाहिजे असंही बाबासाहेब बजावतात. बर्क परंपरा राखायला धर्म मागतो. बाबासाहेब बर्कचं वाक्य घेऊन परंपरेलाच कोर्टात उभं करतात. बाबासाहेबांचं वाचन असं होतं. विरोधकाच्या हातातलं हत्यार त्याला न दुखवता काढून घ्यायचं, आणि आपल्या कामाला लावायचं.

बर्कला सगळ्यांत गाजलेलं उत्तर दिलं थॉमस पेनने. 'राइट्स ऑफ मॅन', पहिला भाग १७९१, दुसरा १७९२. बर्कला पक्ष्याच्या पिसाऱ्याची कीव येते आणि मरणाऱ्या पक्ष्याचा विसर पडतो, या आशयाचा त्यातला टोला आजही लोकांच्या तोंडी आहे. पुस्तकाची सहा पेन्सची स्वस्त आवृत्ती निघाली, कारागिरांच्या हातात गेली, तसं सरकार हललं. डिसेंबर १७९२ मध्ये पेनच्या गैरहजेरीत राजद्रोहाचा खटला चालवून त्याला दोषी ठरवलं. आपल्या चित्राचा प्रकाशक विल्यम हॉलंड आठवतो ना? तोही १७९३ मध्ये न्यूगेटच्या तुरुंगात गेला, पेनचं एक पत्रक विकल्याबद्दल. विनोदाची किंमत कोणी मोजली ते लक्षात ठेवा. गुडघे टेकणाऱ्या बर्कला पुढे सरकारी पेन्शन मिळाली.

आणि हेच 'राइट्स ऑफ मॅन' १८४७ मध्ये पुण्यात एका वीस वर्षांच्या माळ्याच्या पोराने वाचलं. त्याचं नाव जोतीराव गोविंदराव फुले. पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, मुलींची शाळा निघाली. बर्कला दिलेलं उत्तर सातासमुद्रापलीकडून येऊन तात्यासाहेबांच्या हातात पडलं, म्हणून आम्ही म्हणतो की हे चित्र परक्याचं नाही. आपल्या विचारांच्या भाऊबंदांपैकी आहे.

फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. प्रत्येक अभ्यासवर्गात तो मोठ्याने वाचला गेला पाहिजे. त्यात ती बाजीरावाच्या अमदानीबद्दल सांगते. तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळ चालायचा. पुढे ती बाळंतिणीबद्दल लिहिते, की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील. आता हे दोन मजकूर शेजारी ठेवा. लंडनचा तो गृहस्थ दहा हजार तलवारींना साद घालतो, राणीकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये म्हणून. मुक्ताच्या निबंधात तलवारी आहेत, त्या कोणाच्या मानेवर चालतात ते ती सांगते. तिच्या बाळंतिणीसाठी म्यानातून काहीही बाहेर आलं नाही. छप्परसुद्धा आलं नाही.

हे जुनं झालं म्हणावं, तर २०१७ आठवा. पद्मावती राणीवरच्या सिनेमासाठी खऱ्याखुऱ्या तलवारी उपसल्या गेल्या. आपल्या कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावर सिनेमाचा सेट जाळला गेला. जायसीने १५४० च्या सुमारास काव्यात रंगवलेल्या राणीच्या अब्रूसाठी एवढं रान पेटलं, आणि तिची भूमिका करणाऱ्या जिवंत अभिनेत्रीला मात्र नाक कापण्याची धमकी मिळाली. काव्यातल्या राणीला मानवंदना आणि हाडामांसाच्या बाईच्या नाकाला सुरी! बर्कचं व्यंगचित्र याहून वेगळं काय सांगत होतं? ज्या राजस्थानात त्या तलवारी सर्वांत जास्त चमकल्या, त्याच राजस्थानात भटेरी गावच्या भंवरी देवीने बालविवाह रोखला म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. जात कुंभार. १९९५ मध्ये जयपूरच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं, आणि वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावणार नाहीत, असा युक्तिवाद त्या निकालाच्या निमित्ताने देशभर गाजला. तिच्यासाठी एक तरी म्यान रिकामं झालं का? आणि आपल्या भंडाऱ्यात, खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ ला? रस्त्यावर कोण उतरलं होतं तेव्हा? आपणच. लाठ्या आणि केसेस कोणाच्या वाट्याला आल्या? आपल्याच पोरांच्या. कोर्टाने त्या खटल्याला अ‍ॅट्रॉसिटीचं कलमही लावलं नाही.

देवी म्हणण्याचा मुद्दा राहिला. ज्या मनुस्मृतीत जिथे बायकांची पूजा होते तिथे देव रमतात असं सांगितलंय, त्याच मनुस्मृतीत बाई बाप, नवरा, मुलगा यांच्या ताब्याबाहेर राहण्याच्या लायकीची नाही असंही सांगितलंय. दोन्ही एकाच पोथीत, आणि यात विसंगती काहीच नाही. पूजा होते ती मूर्तीची, आणि मूर्तीला जागचं हलायचं नसतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी ती पोथी जाळली. पुढे हिंदू कोड बिल आणलं. मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा, बाईला घटस्फोटाचा अधिकार, नवऱ्याला दुसरी बायको करायला बंदी. तेव्हा सीता-सावित्रीचं नाव घेऊन कोण आडवे आले? देवी म्हणणारेच. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्या कारणांत हे बिल होतं. गुडघे टेकायला एकही आमदार-खासदार नाही म्हणत नाही. सातबाऱ्यावर नाव चढवायला सांगा, मग पाहा.

आता कडू भाग. बर्कला हसणारे सगळे आपले, असंही नाही. त्या काळात मेरी आंत्वानेतवर अश्लील पत्रकांचा पूर आला होता. राणी म्हणून तिच्यावर टीका करण्याऐवजी बाई म्हणून तिच्यावर चिखल फेकला गेला. १६ ऑक्टोबर १७९३ ला तिचा शिरच्छेद झाला. त्यानंतर पंधरवड्यातच त्याच क्रांतिकारकांनी बायकांच्या राजकीय क्लबांवर बंदी घातली, आणि ३ नोव्हेंबरला ओलांप द गूजचा शिरच्छेद केला. ही ओलांप कोण? १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणारी. तो तिने कोणाला अर्पण केला होता माहीत आहे? मेरी आंत्वानेतला. तिने राणीला साक्षात्कार मानलं नाही, शिवीही दिली नाही. एका बाईने दुसऱ्या बाईशी बोलावं तसं, हक्कांच्या कामात उतर म्हणून सांगितलं. आणि पेन? राजेशाहीचा तो कट्टर शत्रू फ्रान्सच्या सभागृहात उभा राहून राजाला मारू नका, अमेरिकेला पाठवून द्या, म्हणून सांगत होता. काही महिन्यांनी तो स्वतः तिथल्या तुरुंगात गेला. राजाचा जीव वाचवायला दहा हजार तलवारींतली एकही आली नाही. आला तो राजापुढे कधी गुडघे न टेकलेला माणूस.

मग आमचं काय? आमच्या जयंतीच्या बॅनरवर माता रमाई, सावित्रीमाई, जिजाऊ यांचे फोटो सगळ्यांत वर, तेजोवलय लावून. बरोबरच आहे. पण त्याच बॅनरवर खाली पंचवीस कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो असतात, त्यात बाया किती? मिरवणुकीत पांढऱ्या साड्या नेसून पुढे चालायला भगिनी लागतात. वर्गणीचा हिशेब ठरवायच्या बैठकीला त्यांना निरोप जात नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना गावोगाव फिरून, म्हाताऱ्या आयाबायांना शोधून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहावं लागलं, १९८९ मध्ये. त्या बाया कुठे हरवल्या नव्हत्या. आपल्याच वस्तीत होत्या, आपल्याच घरात भाकरी थापत होत्या. त्यांना विचारायला कोणी गेलं नव्हतं, इतकंच. सोशल मीडियावर विरोधी विचारांच्या बाईवर आमचीच काही पोरं जी भाषा वापरतात, ती वाचून आम्हाला पॅरिसची ती पत्रकं आठवतात. जय भीम लिहून खाली आईबहिणीवरून शिवी. हे कोणत्या पुस्तकात सांगितलंय बाबासाहेबांनी? २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत ते बोलले, ते काढून वाचा. समाजाची प्रगती स्त्रियांनी केलेल्या प्रगतीवरून आपण मोजतो, असं त्यांनी तिथे सांगितलं, आणि लग्नानंतर बाईने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम म्हणून नव्हे, असंही.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिलं ते मागे घेतो. वर्ग संपल्यावर मागच्या रांगेतल्या त्या दोघींपैकी एक जवळ आली आणि म्हणाली, "दादा, आठ महिने झाले आम्ही येतोय. सतरंज्या आम्ही घालतो, चहा आम्ही करतो. विषय मांडायला कधी देणार?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. वही काढून तारीख तेवढी लिहून घेतली.

येत्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, नेहमीच्याच ठिकाणी ती मुक्ता साळवेंच्या निबंधावर बोलणार आहे. दुसरी भगिनी अध्यक्षस्थानी असेल. चहा पुरुष मंडळी करतील आणि कप ज्याचे त्याने धुवायचे आहेत. गुडघे टेकणारं ते चित्र आम्ही मोठं छापून आणतो.

जय भीम!